चामडे विभागातले मारुती मास्तर

मारुती मास्तर दुसऱ्याचं काम कापायचे तेव्हा आवाज व्हायचा नाही. चामडं कापायच्या रापीला धारच तशी होती. अंगठ्यापासून टाचेपर्यंत रापी सरकायची आणि चपलेचे दोन भाग होऊन पाटावर पडायचे. आठ दिवस बसून ज्यानं ती शिवली, त्याला आधी कळायचंच नाही काय झालं ते. मग मास्तर ते दोन तुकडे त्याच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "आता जोड."

लातूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात आम्ही बरोबर नोकरीला होतो. शिवणकाम, सुतारकाम, वायरिंग आणि चामडे असे चार विभाग. मी भांडार सांभाळायची. कच्चा माल मोजून घ्यायचा, मागणीप्रमाणे द्यायचा, वहीत सही घ्यायची. ऑफिसला टायपिस्ट नव्हता, म्हणून पत्रंही माझ्याच गळ्यात. मी कंत्राटावर होते आणि कायम होण्याची वाट बघत होते. मास्तर माझ्या आधी पंधरा-सोळा वर्षं तिथं होते. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. अंगात कायम खाकी शर्ट, मांडीवर चामड्याचा काळा पडलेला तुकडा. खुर्चीवर त्यांना मी क्वचितच बघितलं. ते जमिनीवर बसायचे आणि शिकणाऱ्यांनाही जमिनीवरच बसवायचे.

आमचं घर मुदखेडचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या आजोबांनी मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. गावानं वर्षभर आमच्या माणसांना शेतात कामाला बोलावलं नाही, तरी आजोबा परत त्या कामाला गेले नाहीत. आमच्या घरी ही गोष्ट लहानपणापासून ऐकवली जायची. मला भांडारात नोकरी लागली आणि त्यात चामडंही येतं हे कळलं तेव्हा वडील जेवणावरून उठले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, नोकरी कर, पण त्याला हात लावू नकोस. मी पहिला आठवडाभर कातड्याची गुंडाळी शिपायाकडून उचलवायची. मास्तरांच्या ते लगेच लक्षात आलं. एक दिवस भांडारात येऊन त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळहात कातड्यावर दाबला.

"ही पाठ," ते म्हणाले. मग हात ओढत कडेला नेला. "हे पोट. पाठ घट असती, पोट ढिलं. तळाला पोट लावलं तर महिन्यात फाटतंय. तू मला पोट देतीस, आन् मी सही करतोय."

माझे डोळे भरले होते. त्यांनी मनगट सोडलं नाही.

"तुझ्या आज्यानं इज्जतीसाठी टाकलं, मला ठावं हाय. माझ्या बापाला टाकता आलं न्हाई. पण तू पगार घेतीस तर माल वळखायचा."

घरी जाऊन मी साबणानं हात धुतले आणि नंतर मला त्याचीच लाज वाटली. पण त्या दिवसापासून मला कातडं ओळखता येऊ लागलं. म्हशीच्या कातड्यावर केसांची भोकं मोठी आणि विरळ असतात, शेळीच्या कातड्यावर तीन-तीनच्या झुपक्यात. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं वाकवलं तर सुरकुती पडते आणि निघून जाते, घाईनं कमावलेलं असेल तर सुरकुती तिथंच राहते. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले, आणि प्रत्येक गोष्ट शिकताना एक अपमान सोबत मिळाला.

मास्तर अहमदपूरचे. वडील एसटी स्टँडच्या बाहेर चपला शिवायला बसायचे. मास्तरांच्या उजव्या मांडीवर बारीक काळ्या ठिपक्यांची एक रांग होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःहून धोतर सरकवून ती मला आणि सुतारकामाच्या सरांना दाखवली. टाका चुकला की बाप भोकं पाडायची आरी मांडीत टोचायचा. एका चुकीला एक टोचा. त्यांनी ते सांगितलं तेव्हा तक्रार नव्हती. दुसरा एखादा माणूस भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवतो तसं त्यांनी ते दाखवलं आणि धोतर नीट करून भाकरी खाऊ लागले.

नव्या बॅचला पहिला महिना ते काहीच शिवू द्यायचे नाहीत. प्रत्येकाला एक दगडी फरशी, एक रापी आणि टाकाऊ चामड्याचे तुकडे. फक्त कड तासायची. दोन थर एकमेकांवर बसवून शिवायचे तर दोघांच्या कडा कागदासारख्या पातळ व्हाव्या लागतात, नाहीतर तिथं गाठ राहते आणि ती चालणाऱ्याच्या पायाला लागते. रापी अंगाकडे ओढायची नाही, पुढं ढकलायची. भोक पडलं तर मास्तर तो तुकडा घेऊन त्या भोकातून त्या माणसाकडे बघायचे. "हितून मला तुझं घर दिसतंय," म्हणायचे. "तुझी बायको भाकरी करलालीय, कुणासाठी करलालीय तिचं तिला ठावं." बाकीचे हसायचे. हसणाऱ्यांची पाळी पाच मिनिटांनी यायची.

पोरं पळून जायची. वीस जणांची बॅच असली तर परीक्षेला सात-आठ उरायचे. केंद्राचे साहेब म्हणायचे, मास्तर, जरा नरमाईनं घ्या, वरून आकडे विचारतात. मास्तर म्हणायचे, पायाला नरमाई कळत न्हाई, पायाला टाका कळतो.

संगीता आली ती अशाच एका बॅचमध्ये. तिशी ओलांडलेली, उदगीरकडची. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय आखूड राहिला होता. लग्न झालं नव्हतं, भावाकडे राहायची. तिला धंदा वगैरे करायचा नव्हता. तिला स्वतःचा बूट स्वतः करायचा होता, कारण अपंगांसाठीच्या शिबिरात मिळालेल्या बुटानं तिच्या घोट्याला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. हे तिनं अर्जातच लिहिलं होतं. तो अर्ज मी मास्तरांना वाचून दाखवला. त्यांनी तो परत एकदा वाचायला लावला, आणि मला वाटलं, निदान हिला तरी हे नीट वागवतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सगळ्या बॅचपुढं उभं केलं. सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून पोटरी, घोटा, चवडा, सगळ्याची मापं घेतली आणि मोठ्यानं सांगत गेले. "ही टांग अडीच बोटं आखूड. घोटा आत पडलाय. टाच जमिनीला लागतच न्हाई." लाकडाच्या ओंडक्याबद्दल बोलावं तसं. मग म्हणाले, "चाल." ती भिंतीपर्यंत जाऊन आली. "परत चाल." ती परत गेली. आठ-दहा फेऱ्या झाल्या तेव्हा ती रडायला लागली. मी दारात मालाची वही घेऊन उभी होते.

"रडलालीस कामून? चाल."

ती रडत रडत चालली. मास्तर खाली वाकून तिच्या पायाकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, "आता खरी चाललीस. इतका येळ चार माणसांपुढं चांगलं दिसाया चालत होतीस. त्या चालीचा बूट केला असता तर परत जखम झाली असती."

त्यांचं खरं होतं. सांगायला वाईट वाटतं, पण त्यांचं जवळजवळ नेहमी खरंच असायचं.

संगीतानं चार महिने काम केलं. तिचा टाका बॅचमध्ये सगळ्यात सरळ. मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया, आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा घ्यायचा, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. तिला ते लवकर साधलं. पहिला बूट पूर्ण झाला तेव्हा तिनं आम्हा सगळ्यांना लाडू दिले. मास्तरांनी बुटात हात घातला, आतून घोट्याच्या जागी बोट फिरवलं, आणि रापी घेऊन तो उभा चिरला. आतल्या अस्तराला तांदळाएवढी गाठ होती. ती गाठ त्यांनी तिला दाखवली. तिनं दुसरा केला. तोही कापला. त्यात मला काही दोष दिसला नाही. कदाचित होता, कदाचित नव्हता. त्या दिवशी संगीता रडली नाही. तिनं आपली रापी पुसून जागेवर ठेवली, उजव्या पायात चप्पल, डाव्यात तो जुना जखम करणारा बूट घातला आणि गेली. परत आली नाही.

पुढचे पंधरा दिवस मास्तर सुट्टीनंतरही थांबायचे. त्यांनी स्वतः तिच्या मापाचा बूट केला. शेळीचं अस्तर, म्हशीच्या पाठीचा तळ, आखूड बाजूला थर चढवलेले. इतकं सुंदर काम मी त्याआधी बघितलं नव्हतं. मला उदगीरला कामानं जायचं होतं, तर म्हणाले, घेऊन जा. मी भावाच्या घरी गेले. संगीता अंगणात बसली होती. एका मोबाईलच्या दुकानात काम मिळालं होतं तिला. बूट बघून तिनं हातही पुढं केला नाही.

"त्या माणसाचा हात माझ्या पायाला नको," ती म्हणाली. "जखम असू दे. ती माझी हाय."

मी तो परत आणला आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. थोडे सौम्य करून सांगायला हवे होते का, हे मी नंतर खूपदा स्वतःला विचारलं. मी मुद्दामच सौम्य केले नाहीत. मास्तर "बरं" म्हणाले. पाट पुढं ओढला, टाके उसवले, तळ वेगळा केला, अस्तर वेगळं केलं, आणि सगळे भाग मला भांडारात जमा करायला दिले. चामडं वाया घालू नये म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं.

यानंतर दोन-तीन वर्षांनी चामडं मिळणंच अवघड झालं. गोवंश हत्याबंदीचा कायदा आला होता, आणि कायद्यापेक्षा त्याची भीती जास्त. गावोगावचे कातडं कमावणारे धंदा सोडून बसले. मद्रासकडून मागवलेला माल वेळेवर येईना. परीक्षा तोंडावर आल्या तेव्हा मास्तर म्हणाले, मी नांदेडला जाऊन आणतो, तिथल्या एका व्यापाऱ्याकडे म्हशीचं कमावलेलं चामडं आहे. साहेबांनी परवानगी दिली. मी पत्र टाईप केलं: सदर माल केंद्राच्या प्रशिक्षणासाठी असून वाहून आणणारे आमचे कर्मचारी आहेत. साहेबांनी सही केली. मी स्थळप्रत फाईलला लावली.

येताना अहमदपूर सोडल्यावर, चाकूरच्या अलीकडे, भर दुपारी त्यांचा टेम्पो अडवला. पुढं काय झालं ते मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. सात-आठ तरुण होते. त्यांनी पत्र मागितलं, वाचलं आणि फाडलं. हे गाईचं आहे म्हणाले. अशा वेळी माणूस हात जोडतो. टेम्पोवाला जोडतच होता. मास्तरांनी गुंडाळी सोडून त्यातल्या पुढच्याला जवळ बोलावलं.

"हितं बघ. भोकं मोठी हायत, लांब लांब हायत. ही म्हैस हाय. ज्याला गाय आन् म्हैस कळंना, त्यानं कशाला राखणीला निघावं?"

बॅचमधल्या एखाद्या पोराला बोलावं तसं बोलले. पण ही पोरं त्यांच्या बॅचमधली नव्हती. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर गुंडाळी बांधली आणि डांबरी रस्त्यावर गुडघ्यांनी चालवलं. रांगताना उजवा हात जमिनीवर होता. एकानं त्यावर बूट ठेवला आणि त्यावर उभा राहिला. टेम्पोवाला ज्वारीत पळाला, म्हणून तो वाचला.

पोलीस आले ते मास्तरांनाच घेऊन गेले. ठाण्यातून केंद्रात फोन आला. मी उचलला. मारुती नावाचा माणूस तुमचा आहे का, आणि माल तुमचा आहे का, असं एका हवालदारानं विचारलं. साहेब समोरच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांची बदली ठरली होती, हव्या त्या जागी. माझ्या कायम होण्याचा कागदही त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाले, आपण पत्र दिलेलंच नाही. नंतर हात काढला.

मी म्हणाले, "माणूस आमचा आहे. माल आमचा नाही."

हवालदारानं विचारलं, लेखी द्याल का. तेही मीच टाईप केलं. साहेब म्हणाले, आधीची स्थळप्रत फाडून टाका. मी फाडली नाही. भांडाराच्या कपाटात, वह्यांच्या खाली ठेवली. पण कुणाला दाखवलीही नाही. ती घेऊन मी ठाण्यात जाऊ शकले असते. लातूरहून तासाभराचा रस्ता.

संध्याकाळपर्यंत त्या रांगण्याचं चित्रण सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं. चामडे विभागात बॅच एकाच मोबाईलभोवती गोळा झाली होती. मास्तर पडले तिथं दोघं हसले. त्यातल्या एकाची चप्पल चारच दिवसांपूर्वी कापली गेली होती. मी हसले नाही, आणि मोबाईल बंद करा असंही म्हणाले नाही.

चौथ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरनं लिहून दिलं की कातडं म्हशीचं आहे. मास्तर सुटले. गुंडाळ्या ठाण्याच्या आवारात पावसात पडून लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या. मारणारे कागदावर 'अज्ञात' राहिले. त्यांचे चेहरे मात्र अख्ख्या जिल्ह्यानं बघितले होते.

महिन्याभरानं मास्तर कामावर रुजू झाले. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मिटत नव्हती. रापी धरायला नेमकी तीच लागतात. ते सरळ भांडारात आले आणि म्हणाले, "बाई, पत्राची स्थळप्रत काढता का?"

मला ते आजवर 'तू' म्हणत आले होते. मी कपाट उघडलं आणि वह्यांच्या खालून प्रत काढून दिली. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. ठाण्यातून मिळालेली, माल आमचा नाही असं सांगणाऱ्या माझ्याच पत्राची नक्कल. दोन्ही कागद त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सावकाश, बोट फिरवत वाचले.

"दोन्हीत टायपिंगची एक बी चूक न्हाई," ते म्हणाले. "तुमचं काम साफ असतंय."

 त्यांनी कागद तिथंच ठेवले आणि गेले.

त्यानंतर ते अडीच वर्षं नोकरीत होते. मी कायम झाले. त्या अडीच वर्षांत मी दिलेला एकही माल त्यांनी परत केला नाही. मी कधी कधी मुद्दाम पोटाचं, सुरकुतलेलं, कुजकट वासाचं चामडं पाठवायची. वाटायचं, आता येतील, मनगट धरतील, चार शब्द ऐकवतील. ते डाव्या हातानं वाकडी सही करायचे आणि म्हणायचे, "ठीक हाय बाई. तुम्ही दिलं म्हंजे ठीकच असंल." बॅचवर मात्र त्यांची जीभ पूर्वीपेक्षा जास्त चालायची. हात चालत नव्हता ना. स्वतः दाखवता येईना, म्हणून एखाद्याचा हात धरून त्याच्या हातानं कापायचे, आणि रापी जरा चुकली की त्याच्या आईबापापर्यंत जायचे. शेवटच्या बॅचमध्ये परीक्षेला तिघं उरले. त्यांच्या मागं तो विभाग बंदच झाला. निरोपाला नवे साहेब बोलले, शाल झाली, नारळ झाला. मास्तरांना बोलायला सांगितलं तर उभे राहिले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बसले.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, एका चपलांच्या दुकानात गेले होते. आत बाकावर मास्तर बसलेले. शेजारी त्यांची बायको, गयाबाई. मास्तर वाळून अर्धे झाले होते. दुकानातला माणूस खाली बसून त्यांच्या पायात रेक्झिनची सँडल चढवत होता. तिला शिलाई नव्हती, सगळं चिकटवलेलं. त्यानं पट्टा लावला आणि विचारलं, बाबा, कशी वाटते?

"चांगली हाय," मास्तर म्हणाले. "लई चांगली केलीस."

मी गयाबाईंजवळ बसले. त्यांनी हळूच सांगितलं की वर्षभर झालं, ह्यांना काही ध्यानात राहत नाही. पोराचं नाव विसरतात. घराबाहेर सोडता येत नाही. "आन् सुभाव लई गरीब झालाय बघा," त्या म्हणाल्या. "जल्मभर मला गोड शब्द न्हाई. आता भाकर करपली तरी चांगली म्हणत्यात. देवानं उशिरा का होईना." त्या हे सांगताना हसत होत्या. बरं चाललं होतं त्यांचं.

बिल करायला त्या गल्ल्यावर गेल्या. बाकावर आम्ही दोघंच उरलो. मी मास्तरांना माझं नाव सांगितलं. ते हसले. ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते मी तिथं, चपलांच्या खोक्यांमध्ये बसून बोलले, कारण आता बोलणं सोपं होतं आणि ते सोपं आहे हे मला कळत होतं.

"मास्तर, त्या दिवशी ठाण्यातून फोन आला होता ना, तो मीच उचलला होता. माल आमचा नाही असं मीच म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ती न मिटणारी तीन बोटं उचलून माझ्या डोक्यावर ठेवली.

"चांगलं केलीस, माय," ते म्हणाले. "लई चांगलं केलीस."

गयाबाई पिशवी घेऊन आल्या. त्यांनी मास्तरांना दंडाला धरून उठवलं. नव्या सँडलमध्ये पाय घासत ते दोघं गर्दीत गेले.